लस कोणती, केव्हा आणि कोणाला?

कुत्र्यांच्या लसीकरणाबद्दल बोलताना शहरातल्या दवाखान्यात दोन टोकांची माणसं भेटतात. एकाच्या हातातल्या कार्डावर वर्षानुवर्षांच्या स्टिकरांची रांग असते. नाइन-इन-वन ही एकत्रित लस, करोना, केनेल कफ, रेबीज, सगळं ठरल्या तारखेला. दुसऱ्याचं म्हणणं असतं, 'आमच्या गावच्या कुत्र्यांना कोण लस देतं? ठणठणीत असतात.' पहिल्याच्या कुत्र्याला काही सुया उगाच टोचल्या जातात. दुसऱ्याने गावातली जगलेली कुत्री पाहिलेली असतात, मेलेली पिल्लं मोजलेली नसतात.

या दोन टोकांच्या मधे बरंच पक्कं ज्ञान उभं आहे. कोणती लस कोणत्या वयात लागू पडते, तिचं संरक्षण किती वर्षं टिकतं, अपाय किती होतो, हे प्रश्न गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी सुटले आहेत. तरीही आपल्या सवयी जुन्याच राहिल्या. या आढाव्यातून निघणारी गोष्ट थोडक्यात अशी: आपल्याकडे लसी कमी पडत नाहीत, त्या चुकीच्या जागी पडतात. पिल्लाला शेवटचा डोस मिळायच्या आत मालक थांबतो, मोठ्या कुत्र्याला दरवर्षी सगळंच टोचलं जातं आणि शेतावरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत रेबीजची साधी लसही पोहोचत नाही.

शत्रू कोण कोण

पाळीव कुत्र्यांच्या लसींमागे पाच-सहा आजार आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूचा नातेवाईक. ताप, डोळ्यांतून चिपडं, नाकातून शेंबूड, जुलाब अशी सुरुवात होते. मग काही कुत्र्यांत तो मेंदूत शिरतो आणि झटके सुरू होतात. वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर थडथडत राहतो. हा आजार विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी 1905 मध्ये दाखवलं. लस मात्र 1920 च्या दशकात, लंडनच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांच्या कामातून आली. त्यासाठी पैसा उभा केला तो शिकारी आणि कुत्र्यांच्या शौकिनांनी, 'द फील्ड' या नियतकालिकाच्या आवाहनावरून. त्या कामात फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी प्रयोगांसाठी वापरला गेला होता. पुढे 1933 मध्ये त्याच प्रयोगशाळेत, फेरेटच्याच मदतीने, माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा करता आला. म्हणजे कुत्र्यांच्या लसीचा शोध माणसांच्या फ्लूच्या संशोधनाला उपयोगी पडला.

डिस्टेंपर कुत्र्यांपुरता थांबत नाही. 1994 मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याने मारले. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिसरात 23 सिंह दगावले, तेव्हा काही नमुन्यांत हाच विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीतून समोर आलं. जंगलालगतच्या गावांतल्या कुत्र्यांना लस देणं हे वन्यजीव रक्षणाचंही काम आहे, हे तेव्हा चर्चेत आलं.

पार्वो हा तुलनेने नवा शत्रू. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूशी जवळचं नातं असलेला हा विषाणू 1978 मध्ये कुत्र्यांत दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पोहोचला. तोवर जगातल्या बहुतेक कुत्र्यांकडे त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. उलट्या, रक्ताचे जुलाब, तो विशिष्ट वास, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू मलूल. वेळेवर सलाईन आणि शुश्रूषा मिळाली तर बरीच पिल्लं वाचतात. उपचार न झालेली बहुतेक मरतात. त्यातली कठीण गोष्ट अशी की हा विषाणू अंगणात, फरशीच्या भेगांत, चपलेच्या तळव्याला महिनोन्‌महिने जिवंत राहतो. फिनेल आणि साबणाने तो हटत नाही, ब्लीच लागतं. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं लस न घेतलेलं पिल्लू आणू नये, असं डॉक्टर बजावतात ते यासाठीच.

तिसरा संसर्गजन्य हिपॅटायटिस, अ‍ॅडेनोव्हायरसमुळे होणारा यकृताचा आजार. लसीकरणामुळे तो आता क्वचित दिसतो. आरंभीच्या लसीमुळे काही कुत्र्यांचे डोळे निळसर धूसर व्हायचे. म्हणून त्याच कुळातला दुसरा, सौम्य विषाणू लसीत घातला गेला, आणि तो दोन्हींपासून संरक्षण देतो.

लेप्टोस्पायरोसिसमागे विषाणू नव्हे, जिवाणू असतो. उंदीर-घुशींच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो, जखमेतून किंवा ओल्या त्वचेतून शरीरात शिरतो आणि यकृत, मूत्रपिंडं निकामी करतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहरात माणसांमधल्या लेप्टोच्या रुग्णांची संख्या कशी वाढली हे मुंबईकर विसरलेले नाहीत. तेच पाणी कुत्र्यांनाही तुडवावं लागतं, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांनाही धोका असतो.

रेबीज या सगळ्यांहून वेगळा. लक्षणं दिसल्यावर त्यावर उपाय नाही. माणसांमधला जवळपास सगळा रेबीज कुत्र्याच्या चाव्यातून येतो, म्हणून या लसीचा हिशेब फक्त कुत्र्याच्या जिवापुरता नसतो. त्याकडे पुढे येऊ.

केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, आणि करोना ही दोन नावं कार्डावर हमखास असतात. बोर्डिंगमध्ये, शोमध्ये, प्रशिक्षणाच्या वर्गात इतर कुत्र्यांत मिसळणाऱ्याला केनेल कफची लस उपयोगी आहे, घरात आणि गच्चीवर राहणाऱ्याला तितकी नाही. कुत्र्यांच्या आतड्याच्या करोनाची लस मात्र जागतिक तज्ज्ञगट सुचवतच नाही. मोठ्या कुत्र्यांत तो आजार सौम्य असतो आणि लसीचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

आणि एक महत्त्वाचा आजार यादीत नाहीच. आपल्याकडे दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी कुत्र्यांना एर्लिकिया किंवा बॅबेसियाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत गोचीड ताप असतो, आणि त्याची लस इथे मिळत नाही. 'सगळ्या लसी झाल्यात, मग आजारी कसा पडला?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा कानामागे चिकटलेल्या गोचिडीत सापडतं.

सोळाव्या आठवड्याचा पेच

पिल्लांच्या लसीकरणात सगळ्यात जास्त चुका वेळेच्या होतात. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पितं आणि त्यातून आईची तयार प्रतिपिंडं त्याच्या रक्तात येतात. सुरुवातीचे काही आठवडे तीच त्याला जपतात. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात, कारण त्यांना शत्रू आणि लस यांतला फरक कळत नाही. दर दहाएक दिवसांनी त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. एखाद्या पिल्लात ती आठव्या आठवड्यात संपतात, त्याच्याच भावंडात बाराव्याला, एखाद्यात पंधराव्यालाही शिल्लक असतात. शिवाय मधे काही दिवस असे येतात की प्रतिपिंडं खऱ्या पार्वोला रोखायला अपुरी, पण लसीला अडवायला पुरेशी असतात.

म्हणूनच पिल्लाला एकच लस पुन्हा पुन्हा दिली जाते. हे डोस एकमेकांवर रचले जातात असा समज आहे, पण तसं नाही. प्रत्येक डोस म्हणजे आईची प्रतिपिंडं ओसरली असतील या आशेने मारलेला एक नवा खडा असतो. त्यामुळे किती डोस झाले यापेक्षा शेवटचा डोस कोणत्या वयात झाला हे जास्त महत्त्वाचं. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करावी, मग दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देत राहावं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यावा. त्यापुढचा डोस वर्षभराने देण्याऐवजी सव्वीस आठवड्यांच्या सुमाराला द्यावा. सोळाव्या आठवड्यातही जी थोडी पिल्लं लस स्वीकारत नाहीत, ती उरलेले सहा महिने उघडी पडू नयेत, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे चित्र काय दिसतं? पिल्लू विकणारा पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक सुई टोचून 'लस झालेली आहे' असं सांगतो. नवा मालक दहाव्या आठवड्याला दुसरी देतो, रेबीजची एक देतो, आणि कार्ड कपाटात जातं. चार महिन्यांच्या पिल्लाला पार्वो होतो तेव्हा लस बनावट होती, डॉक्टर चुकला, असे आरोप होतात. बऱ्याचदा लस चांगलीच असते, फक्त ती पोहोचली तेव्हा दार बंद असतं.

यातून दुसरा पेच उभा राहतो. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर नेऊ नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपासचा काळ हाच पिल्लाने माणसं, मुलं, रिक्षांचे आवाज, इतर कुत्री यांची सवय करून घेण्याचा असतो. तो घरात गेला तर पुढे भित्रा आणि चावरा कुत्रा तयार होऊ शकतो. मधला मार्ग सोपा आहे. पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा, ओळखीच्या आणि लस पूर्ण झालेल्या कुत्र्यांशी घरी भेटवा. फक्त जिथे अनोळखी कुत्री हगतात-मुततात त्या मैदानावर आणि दवाखान्याच्या फरशीवर त्याला खाली सोडू नका.

दरवर्षी की तीन वर्षांनी?

दरवर्षी सगळ्या लसी पुन्हा द्यायच्या, ही प्रथा संशोधनातून आली नव्हती. सुरुवातीच्या काळात कंपन्यांनी वर्षभराच्या संरक्षणाचा पुरावा दिला, लेबलवर तसं छापलं गेलं आणि तीच रीत झाली. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रोनाल्ड शुल्ट्झ यांनी डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडेनोव्हायरसच्या जिवंत लसींचं संरक्षण किती टिकतं हे वर्षानुवर्षं तपासलं. प्रत्यक्ष विषाणूचा सामना करायला लावल्यावरही सात वर्षांपर्यंत कुत्रे सुरक्षित राहिले. तेव्हापासून जागतिक सूचना स्पष्ट आहेत: पिल्लाचा क्रम आणि सहा महिन्यांचा बूस्टर नीट झाला असेल, तर या तीन लसी तीन वर्षांपेक्षा लवकर देऊ नयेत.

लेप्टोचं गणित उलटं आहे. ती मारलेल्या जिवाणूंची लस आहे, तिचं संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं आणि ते लसीत असलेल्या प्रकारांपुरतंच असतं. म्हणून सुरुवातीला दोन डोस आणि मग दरवर्षी एक, शक्यतो पावसाळ्याच्या आधी. मधे मोठा खंड पडला तर पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात. 2024 च्या सूचनांनी एक महत्त्वाचा बदल केला. जिथे लेप्टो आढळतो आणि योग्य लस मिळते तिथे ती ऐच्छिक न मानता मूलभूत समजावी, असं त्या सांगतात. कोकण, मुंबई, गोवा यांना हे तंतोतंत लागू पडतं.

रेबीजची लस बारा आठवड्यांच्या वयानंतर. आपल्यासारख्या प्रदेशात तिचा दुसरा डोस दोन ते चार आठवड्यांनी देणं शहाणपणाचं, मग वर्षाने बूस्टर. त्यानंतर काही लसींचं संरक्षण तीन वर्षं टिकतं, असं त्यांच्या लेबलांवरच असतं. पण परवाना देणाऱ्या आपल्या बहुतेक महापालिकांना दरवर्षीचं प्रमाणपत्र हवं असतं, आणि इथला रेबीजचा धोका पाहता त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग अडचण कुठे आहे? लेप्टो दरवर्षी हवी आणि ती बहुतेकदा एकत्रित लसीत येते, म्हणून नाइन-इन-वन दरवर्षी दिली जाते. खरं तर अशा लसीत सहसा दोन बाटल्या असतात: एकीत विषाणूंची कोरडी पूड, दुसरीत लेप्टोचा द्रव. फक्त दुसरी बाटली टोचता येते. रेबीज आणि लेप्टो एकत्र असलेली लसही मिळते. एवढी तसदी किती जण घेतात, हा प्रश्न आहे. वर्षाची लस हा डॉक्टरांच्या उत्पन्नाचाही भाग असतो, हे उघड बोललं जात नाही. पण वार्षिक तपासणी हीच खरी मोलाची गोष्ट आहे. दात, वजन, हृदय, गाठी, गोचीड हे सगळं त्या भेटीत कळतं. मालकांनी तपासणीचे पैसे आनंदाने दिले, तर डॉक्टरांना ते लसीच्या नावाखाली घ्यावे लागणार नाहीत.

ज्यांना खात्री हवी, त्यांच्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासण्याची सोय आहे. डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडेनोव्हायरससाठी तिचा निकाल भरवशाचा असतो. लेप्टोसाठी ती उपयोगाची नाही.

परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना या तपासणीचं दुसरं रूप भेटतं. युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडं मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक, आणि नमुन्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा. क्रम चुकला, म्हणजे चिपआधी लस दिली, तर ती लस धरली जात नाही. तिकीट काढण्याआधी निदान सहा महिने तयारी हवी.

अपायाची भीती किती खरी?

लसीनंतर दिवसभर कुत्रा मलूल राहणं, सुईच्या जागी गाठ येणं, थोडा ताप, हे नेहमीचंच. चेहरा सुजणं, अंगावर पित्त उठणं, उलट्या होणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं आणि ती बहुधा पहिल्या काही तासांत दिसतात. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं. अमेरिकेत 12 लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लसीनंतरच्या तीन दिवसांत दर 10,000 कुत्र्यांमागे सुमारे 38 जणांत अपायाची नोंद झाली. लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच भेटीत अनेक लसी घेतल्या असतील तेव्हा हे प्रमाण वाढलं. म्हणजे पग किंवा पॉमेरेनियनला एका दिवसात चार सुया देण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देणं बरं. पार्वो होऊ घातलेल्या पिल्लाच्या धोक्यापुढे हा आकडा क्षुल्लक आहे. करोनाच्या अनावश्यक लसीसाठी मात्र तेवढाही धोका पत्करू नये.

लसीचा खरा शत्रू बऱ्याचदा फ्रिज असतो. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. कोरड्या जिवंत लसी उन्हात मरतात, मारलेल्या द्रव लसी गोठल्या तर निकामी होतात. विदर्भातला मे महिना, भारनियमन आणि औषधाच्या दुकानातून पिशवीत घालून घरी आणलेली लस या तिन्हींचा गुणाकार शून्य येतो. त्यामुळे लस दुकानातून आणून ओळखीच्या माणसाकडून टोचून घेण्यात जे पैसे वाचतात, ते वाचलेले नसतात.

घराबाहेरचा हिशेब

6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजविरोधी लस दिली गेली. आपल्याकडच्या कित्येक पशुवैद्यकीय दवाखान्यांत याच तारखेला, जागतिक प्राणिजन्य आजार दिनी, कुत्र्यांना रेबीजची लस मोफत देतात. माणसांना मात्र बराच काळ डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत 1911 मध्ये विकसित केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी लस घ्यावी लागे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत तिचीच. भारतात ती 2004 मध्ये बंद झाली. दहशत मात्र अजून गेली नाही. कुत्रा चावल्यावर जखमेवर मिरची किंवा चुना लावणारे आणि इंजेक्शन टाळणारे आजही आहेत. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवून लगेच दवाखाना गाठणं हाच उपाय. चावणाऱ्या कुत्र्याला लस झालेली असली तरीही डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

भारतात रेबीजने दरवर्षी किती माणसं मरतात याचे अंदाज बदलत गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज 18,000 ते 20,000 होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीत तो सुमारे 5,700 वर आला. कुत्रे चावल्याच्या घटना मात्र 2024 मध्ये 37 लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. मरणाऱ्यांत मुलांचं प्रमाण मोठं, कारण त्यांची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ असते आणि मार पडेल म्हणून ती चावा लपवतात.

कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही, हे मुंबई फार पूर्वी शिकली. 1832 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. आज विज्ञानही वेगळ्या कारणाने तिथेच पोहोचतं. पिसाळलेला एक कुत्रा सरासरी दोनाहून कमी कुत्र्यांना रेबीज देतो. म्हणून एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. लस घेतलेली कुत्री मारली किंवा उचलून नेली, तर त्यांची जागा लस न घेतलेली घेतात. भटक्या कुत्र्यांचं आयुष्य थोडं असतं, त्यामुळे हे काम दरवर्षी करावं लागतं. मेक्सिकोने 1990 पासून सामूहिक लसीकरण चालवलं, आणि 2019 मध्ये कुत्र्यांपासून माणसांना होणाऱ्या रेबीजपासून मुक्त ठरलेला तो पहिला देश झाला.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं आहे. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गल्लीगल्लीत जाळी घेऊन फिरणारी पथकं नेमली, प्रत्येक लसीची नोंद मोबाइलवर केली, शाळांतून मुलांना शिकवलं आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी क्रमांक दिला. 2019 पर्यंत माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू शून्यावर आले आणि कुत्र्यांतला रेबीज 92 टक्क्यांनी घटला. तिथे वापरलेली लस आपल्या दवाखान्यातल्या लसीपेक्षा निराळी नव्हती. ती घरोघरी आणि रस्त्यारस्त्यावर नेली गेली, एवढाच फरक.

28 सप्टेंबर 2021 ला जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्याने 2030 पर्यंत कुत्र्यांपासूनचा रेबीज संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरणासोबत रेबीजची लस बंधनकारक केली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांबद्दल आधीचा आदेश बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांना, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता, पुन्हा त्यांच्या जागी सोडण्यास सांगितलं. मात्र या सगळ्या वादात शहरातली भटकी कुत्रीच डोळ्यांसमोर असतात. ज्याला मालक आहे पण पट्टा नाही, असा वाडीवरचा, शेतावरचा, धनगरांच्या कळपामागे फिरणारा कुत्रा कोणाच्याच यादीत येत नाही. त्याला ना महापालिका पकडते ना मालक दवाखान्यात नेतो, आणि घरातली मुलं त्याच्याच अंगावर लोळतात.

मग करायचं काय

पिल्लू आणलं असेल तर कार्डावर डोसांची संख्या पाहू नका. शेवटच्या डोसाची तारीख आणि त्या दिवसाचं पिल्लाचं वय पाहा. सोळा आठवडे पूर्ण नसतील तर क्रम अपुरा आहे. मोठ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांना सरळ विचारा: 'यंदा रेबीज आणि लेप्टोच द्यायची की सगळ्या?' बरेच डॉक्टर हे जाणतात. मालक विचारत नाही म्हणून नेहमीचं चालू राहतं. करोनाची लस कशासाठी, हेही विचारा.

पशुवैद्यकांच्या संघटनांनी भारतातल्या परिस्थितीला धरून एक सोपं वेळापत्रक सर्व दवाखान्यांत भिंतीवर लावलं, तर निम्मे वाद संपतील. महापालिकांनी परवान्याचं शुल्क कमी ठेवून त्यातच रेबीजची लस दिली, तर कुत्रा लपवण्याऐवजी त्याची नोंद करण्याकडे लोकांचा कल वाढेल. जनावरांना लाळ्या-खुरकूतची लस टोचायला गावात येणाऱ्या पथकाने त्याच फेरीत शेतावरच्या कुत्र्यालाही रेबीजची सुई टोचली, तर वेगळी मोहीम उभी करावी लागणार नाही.

शहरातल्या ज्या घरात दर तीन वर्षांनी पुरेशी असलेली लस दरवर्षी घेतली जाते, तिथे तीन वर्षांत दोन डोसांचे पैसे वाचू शकतात. त्या पैशांत गल्लीतल्या चार-पाच कुत्र्यांना रेबीजची लस मिळू शकते, आणि घरच्या कुत्र्याला संध्याकाळी फिरायला नेताना त्याला भेटतात ती हीच कुत्री असतात.